अंबाड्यात व्रण दिसेल का, हे विचारा

प्रश्न : डॉक्टर, मी ५४ वर्षांची आहे, नाशिकला बँकेत नोकरी करते. गेली तीन-चार वर्षं वरच्या पापण्यांची कातडी डोळ्यांवर ओघळायला लागली आहे. काउंटरवर येणारा जो तो विचारतो, "मॅडम, बरं नाही का?" गालही हनुवटीच्या दोन्ही बाजूंना उतरलेत. मुलाचं लग्न अडीच महिन्यांवर आलंय. मॉलमधल्या एका क्लिनिकमध्ये जाऊन आले. तिथल्या काउन्सेलर मुलीने टॅबवर माझ्याच फोटोतून 'नंतरचा' चेहरा करून दाखवला. डॉक्टर पाच मिनिटं भेटले. वरच्या-खालच्या पापण्या, फेसलिफ्ट (उतरलेला चेहरा उचलून शिवायची शस्त्रक्रिया) आणि फिलर (गाल वगैरे भरायचं इंजेक्शन) असं पॅकेज सांगितलं, आठवड्याच्या आत ठरवलं तर सवलत. मी दहा हजार भरूनही आले. नंतर मैत्रिणीच्या सांगण्यावरून एका प्लास्टिक सर्जनना भेटले. त्यांनी पाऊण तास घेतला, जुने फोटो मागितले, हसायला लावलं, डोळे गच्च मिटायला लावले आणि शेवटी म्हणाले, "वरच्या पापण्यांचं बघू, तेही आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून. फेसलिफ्ट आत्ता नको." मला वाटलं, यांना येत नसेल म्हणून नको म्हणतायत. माझ्या नणंदेने दोन वर्षांपूर्वी काहीबाही करून घेतलं, तिचा चेहरा आता तिचा वाटत नाही. मला तसं नकोय. लोकांनी 'बऱ्या दिसताय' म्हणावं, 'काय केलंत?' असं विचारू नये. मिस्टर म्हणतात, या वयात हे खूळ कशाला. सर्जन निवडायचा कसा? – नाव छापू नये, नाशिक.

उत्तर : मिस्टरांचं आधी उरकून टाकते. चेहरा तुमचा, पैसे तुमच्या पगाराचे, आणि रोज पन्नास माणसांनी 'बरं नाही का' विचारलं की काय वाटतं हे त्यांना काउंटरच्या अलीकडे बसल्याशिवाय कळायचं नाही. यात खूळ काही नाही. दहा हजार मात्र घाईने भरलेत. त्याचं शेवटी बघू.

मी भूलतज्ज्ञ. सर्जनचा हात कसा आहे हे पेशंटला कळत नाही, नातेवाइकांना कळत नाही, जाहिरातीत तर मुळीच दिसत नाही. ते ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या माणसांना कळतं. म्हणून पहिली सूचना अशी की, तुमच्या ओळखीत कुणी भूलतज्ज्ञ, ओटीतली सिस्टर किंवा सर्जरी विभागातला रेसिडेंट असेल, तर त्यांना एकच विचारा : "तुमच्या घरच्या माणसाची पापणी करायची असती, तर कुणाकडे गेला असता?" हे लोक कुणाची निंदा करणार नाहीत, पण नाव घेताना किती वेळ लावतात त्यावरून समजतं.

आता पदव्या. 'कॉस्मेटिक सर्जन' ही पाटी कुणीही लावतं, त्या नावाची वेगळी पदवी आपल्याकडे नाही. प्लास्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएस, मग जनरल सर्जरीत एमएस, मग प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीआरएनबी. चेहऱ्यावर काम करणारे आणखीही लोक रीतसर शिकलेले असतात : पापण्यांसाठी ऑक्युलोप्लास्टी, म्हणजे पापण्यांच्या शस्त्रक्रिया, शिकलेले नेत्रतज्ज्ञ, नाकासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ, जबड्यासाठी मॅक्सिलोफेशियल सर्जन. तुमच्या पापण्यांचं काम चांगला ऑक्युलोप्लास्टिक सर्जनही करेल, कदाचित जास्त बारकाईने. पण शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट म्हणजे प्रशिक्षण नव्हे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली स्पष्टच सांगितलं, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून सौंदर्यशस्त्रक्रिया करायला घेता येत नाहीत. हे लेखी सांगावं लागलं, यातच काय ते आलं. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या वेबसाइटवर डॉक्टरचं नाव घालून नोंदणी तपासता येते. दोन मिनिटांचं काम आहे. लग्नाच्या हॉलची चौकशी आपण याहून जास्त करतो.

पण पदवी ही फक्त दारापर्यंत नेते. तुमचा खरा प्रश्न पुढचा आहे, की नणंदेसारखं होऊ नये म्हणून काय बघायचं?

त्यासाठी 'केलेला' चेहरा कशामुळे ओळखू येतो ते आधी समजून घ्या. फेसलिफ्टमध्ये नुसती कातडी ताणून शिवली की तोंडाचे कोपरे कानाकडे ओढले जातात आणि माणूस सतत वाऱ्यात उभा असल्यासारखा दिसतो. कातडीखाली स्नायू आणि तंतूंचा एक थर असतो. १९७६ साली दोन फ्रेंच सर्जननी त्याचं नीट वर्णन केलं, तेव्हापासून चांगले सर्जन तो खालचा थर उचलून बांधतात आणि वरची कातडी त्यावर ताण न देता बसवतात. अभ्रा ओढून उशी नीट होत नाही, आतला कापूस सारखा करावा लागतो. म्हणून सर्जनला विचारा : "तुम्ही कोणता थर उचलता आणि माझ्या बाबतीत तोच का?" उत्तर तुम्हाला पूर्ण कळलं नाही तरी चालेल. ते कागदावर पेनने काढून समजावतात, की 'ते आमच्यावर सोडा' म्हणतात, एवढं बघा.

दुसरी खूण कानाची. ताण कातडीवर दिला असेल तर काही महिन्यांनी कानाची पाळी खाली खेचली जाते, गालाला चिकटल्यासारखी होते. कानापुढचे कल्ले वर सरकतात आणि तिथे केस नसलेली मोकळी कातडी राहते. परदेशातल्या मोकळ्या केसांच्या फोटोंत हे लपून जातं. आपल्याकडे बाई अंबाडा घालते, गजरा माळते, कुड्या घालते, तेव्हा कानाच्या पुढचा-मागचा सगळा भाग उघडा पडतो. तुमच्या मुलाच्या लग्नात तुम्ही नक्की केस बांधणार. तेव्हा "अंबाडा घातल्यावर व्रण दिसेल का, आणि झुमक्याच्या वजनाने पाळी ओढली जाईल का," हा प्रश्न लाज न बाळगता विचारा. चांगला सर्जन यावर खूश होतो. तो तुमचे केस मागे घेऊन, काप नेमका कुठून जाईल ते बोटाने दाखवेल.

पापण्यांचं गणित वेगळं आहे. तिथे नैसर्गिक दिसणं हे किती कातडी काढली यापेक्षा किती ठेवली यावर ठरतं. भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत साधारण २० मिलिमीटर कातडी शिल्लक असावी, असा ढोबळ दंडक आहे. त्याहून कमी उरली की डोळा झोपेतही पूर्ण मिटत नाही, कोरडा पडतो, चुरचुरतो. चरबी जास्त काढली तर डोळे खोल जातात आणि माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसतो, पैसे देऊन. तुमच्या त्या दुसऱ्या सर्जननी डोळे गच्च मिटायला लावले, ते याचसाठी. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तेही याचसाठी. पापणी खाली येण्याची कारणं तीन असू शकतात : कातडी सैल होणं, पापणी उचलणारा स्नायूच ढिला पडणं, किंवा भुवईच खाली उतरणं. आरशासमोर बसा, कपाळ सैल सोडा आणि बोटाने भुवई हळूच वर धरा. पापणी एवढ्यानेच मोकळी झाली, तर दोष भुवईचाही आहे. अशा वेळी नुसती पापणीची कातडी कापली तर भुवई आणखी खाली येते. पॅकेज विकणारी काउन्सेलर हे बघत नाही. तिला ते शिकवलेलंच नसतं, तिला दोष कसा द्यायचा?

ओटीतली एक गोष्ट सांगते, कारण ती बाहेर कुणी सांगत नाही. माणूस आडवा झाला की चेहरा बदलतो. गाल कानाकडे सरकतात, डोळ्यांखालच्या पिशव्या सपाट होतात, पापणीची जादा कातडी निम्मी वाटते. म्हणून जाणता सर्जन भूल देण्याआधी पेशंटला स्टुलावर ताठ बसवतो, नजर समोर ठेवायला सांगतो आणि बारीक टोकाच्या मार्करने रेषा आखतो. मग चिमट्याने कातडी धरून बघतो : एवढी घेतली तर डोळा मिटतोय ना? रेषा पुसतो, दोन मिलिमीटर आत घेऊन पुन्हा काढतो. मी याचसाठी बाहेर हातात इंजेक्शन घेऊन ताटकळत उभी राहिलेली आहे आणि चिडलेलीही आहे. पण तो वेळ फुकट गेलेला पाहिला नाही. याउलट पेशंट टेबलावर आडवी झाल्यावर, हिरवी कापडं अंथरल्यावर रेषा आखायला घेणारेही असतात. तेव्हा विचारा : "मार्किंग कधी करता? मला बसवून ना?"

हे आजचं शहाणपण नाही, बरं का. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळ झालेल्या शस्त्रक्रियेची हकीकत चित्रासकट छापून आली. टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजांकडे बैलगाडी हाकणाऱ्या कावसजीचं नाक टिपूच्या माणसांनी कापलं होतं. वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने कपाळाची कातडी फिरवून त्याला नवं नाक बसवलं, आणि कंपनीच्या डॉक्टरांनी ते शेजारी उभं राहून पाहिलं. त्याने आधी काय केलं, तर मेणाचा पातळ पत्रा घेऊन हवं तसं नाक घडवलं, मग तो पत्रा उलगडून कपाळावर सपाट ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ मारली. मग सुरी. ती हकीकत वाचून लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, तीच पद्धत तिकडे करून पाहिली. पुण्याच्या त्या माणसाचं नाव कुणी धड लिहून ठेवलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

फोटो बघण्याबद्दल. सगळे फोटो दाखवतात, तुम्ही बघायचं वेगळं. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच उजेडात, एकाच कोनातून काढलाय का? आधी ट्यूबलाइटखाली पडलेला चेहरा आणि नंतर लिपस्टिक लावून, हनुवटी उचलून, खिडकीच्या उजेडात काढलेला फोटो असेल तर पुढचा फोटो बघू नका. समोरून, तिरका आणि बाजूने असे तिन्ही मागा. हसतानाचा मागाच. फिलर जास्त भरलेले गाल गप्प बसल्यावर ठीक दिसतात आणि हसलं की डोळ्यांखाली गोळे येतात. तुमच्या नणंदेचं बहुधा असंच काहीसं झालं असावं. फिलर हायलुरॉनिक आम्लाचं असेल तर ते विरघळवणारं इंजेक्शन असतं, त्यांनाही योग्य माणसाकडे जाऊन विचारता येईल. शिवाय फोटो किती महिन्यांनंतरचे आहेत ते विचारा. सहा आठवड्यांच्या फोटोत थोडी सूज सुरकुत्या झाकते आणि सगळ्याच छान दिसतात. वर्षानंतरचे फोटो ठेवणारा सर्जन म्हणजे पेशंट वर्षभर त्याच्याकडे परत येतात, असा अर्थ. आणि तुमच्या वयाच्या, तुमच्या वर्णाच्या बायकांचे फोटो हवेत. आपल्या कातडीवर व्रण गडद राहू शकतो, काहींना जाड गाठीसारखा उठतो. कान टोचल्यावर, लस टोचलेल्या दंडावर किंवा सिझेरियनच्या टाक्यांवर तुम्हाला कधी असा केलॉइड झाला होता का, हे ज्याने आपणहून विचारलं नाही, त्याच्याबद्दल मला शंका येईल.

टॅबवरच्या 'नंतरच्या' चेहऱ्याबद्दल इतकंच, की ते सॉफ्टवेअर आहे. त्याला टाके घालावे लागत नाहीत.

आता तुमची शंका : नको म्हणाले, म्हणजे येत नसेल. शंका चुकीची नाही. काही वेळा खरंच तसं असतं. त्यावर उपाय म्हणजे सरळ विचारणे : "तुम्ही स्वतः फेसलिफ्ट करता का? महिन्याला साधारण किती? मला का नको म्हणालात?" करत असतील आणि तरी तुम्हाला नको म्हणाले असतील, तर असा माणूस सोडू नका. मोठ्या शस्त्रक्रियेत त्यांना जास्त पैसे मिळाले असते, हे त्यांनाही कळतं. करत नसतील तर तेही तसं सांगतील आणि दुसरं नाव देतील. मी ओटीत पाहिलेले ज्यांचे पेशंट 'काही केल्यासारखे' दिसत नाहीत, ते सगळे सर्जन कुठेतरी हात आवरता घेणारे होते. अजून अर्धा सेंटिमीटर ओढता आलं असतं, पण ओढलं नाही. हा स्वभाव पेशंटशी बोलतानाच दिसतो. जो ओपीडीत तुम्हाला तीन गोष्टी जास्तीच्या सुचवतो, तो टेबलावर थांबणार नाही.

माझ्या खात्यातलंही थोडं. भूल कोण देणार, हे विचारायला लोक विसरतात. वरच्या पापण्या बहुतेकदा जागा बधिर करूनच होतात. फेसलिफ्टला काही तास लागतात, त्यासाठी पूर्णवेळ हजर असलेला भूलतज्ज्ञ, नीट ओटी आणि रात्रभर लक्ष ठेवणारी सिस्टर हवी. 'आमचेच डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देतात' असं ऐकलंत तर पर्स उचला. फेसलिफ्टनंतर सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे कातडीखाली रक्त साठणं, आणि ते बहुतेक पहिल्या चोवीस तासांत होतं. ब्लडप्रेशर वर गेलं की धोका वाढतो. रात्री दोन वाजता गाल टणक होऊन फुगायला लागला तर कुणाला फोन करायचा, ओटी उघडणार कोण? मॉल दहाला बंद होतो. जिथे शस्त्रक्रिया होणार त्या ठिकाणाची नर्सिंग होम म्हणून नोंदणी आहे का, हेही बघा. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असायला हवं.

बीपीच्या गोळ्या, ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारं काहीही, लसणाच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, काढे, सगळं सांगा. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. आणि मिश्री. "सिगारेट ओढता का?" या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका हसून नाही म्हणतात, आणि सकाळी दातांना मिश्री लावून आलेल्या असतात. तंबाखू कुठूनही पोटात जावो, निकोटिन रक्तवाहिन्या आकसतं आणि उचललेल्या कातडीच्या कडा काळ्या पडून मरू शकतात. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे पूर्ण बंद लागते. तुम्ही लावत असाल तर लाजू नका, सर्जनला सांगा. नवऱ्यासमोर विचारलं तर एकटीने परत जाऊन सांगा.

खर्चात बघण्यासारखं एकच : आकड्यात काय-काय धरलंय. भूलतज्ज्ञाची फी, ओटी, औषधं, टाके काढणं, आणि दुरुस्तीची वेळ आली तर त्याचे पैसे कोण देणार, हे लेखी मागा. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला मेडिक्लेम मिळत नाही आणि जीएसटी वेगळा लागतो. मात्र पापणी खरोखर नजरेच्या आड येत असेल, तर नेत्रतज्ज्ञ दृष्टिक्षेत्राची चाचणी करून तसं लिहून देतात. ते कागद घेऊन विमा कंपनीला आधी विचारून ठेवा.

राहिलं लग्न. वरच्या पापण्या आत्ता केल्यात तर निळंजांभळं साधारण दोन आठवड्यांत जातं, व्रणाची लाली मेकअपखाली झाकते, त्यामुळे अडीच महिने हिशेबात बसतात. पण तपासण्यांत पंधरा दिवस गेले आणि केळवणं सुरू झाली की तुम्हाला बर्फ लावून दोन दिवस डोकं उंच ठेवून पडायलाही मिळायचं नाही. घरात दुसरं कुणी हाताखाली नसेल तर लग्नानंतर करा. फेसलिफ्ट लग्नाआधी नकोच. सूज पूर्ण बसायला महिने लागतात, आणि लग्नाचे फोटो आयुष्यभर राहतात. त्या सर्जननी 'आत्ता नको' म्हटलंय, 'कधीच नको' नाही. वर्षभराने पुन्हा भेटून विचारा.

या आठवड्यात करायचं ते एवढंच : नेत्रतज्ज्ञांची वेळ घ्या, डोळे कोरडे आहेत का आणि पापणीचा स्नायू कसा आहे ते तपासून लिहून घ्या. ते कागद घेऊन त्या दुसऱ्या सर्जनकडे परत जा. दहा वर्षांपूर्वीचे, मेकअप नसलेले दोन-तीन फोटो न्या. एखाद्या सहलीतले, उन्हातले चालतील. नटीचा फोटो नेऊ नका. आणि क्लिनिकला आज ईमेल करा, फोन नको : शस्त्रक्रिया करत नाही, संमतिपत्रावर सही केलेली नाही, भरलेली रक्कम परत करावी. पावतीचा फोटो जोडा. पावतीच्या मागे 'परतावा नाही' छापलेलं असेल तरी पाठवा. दिलीच नसलेल्या सेवेचे पैसे अडवले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, आणि असा ईमेल आला की बरीच क्लिनिकं तिथवर जाऊ देत नाहीत.